चार बोटांचं पाऊल

गुणाजीकाकांनी चोरून गोड खाल्लं नव्हतं. हे मला गेली दोन वर्षं ठाऊक आहे आणि मी ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आमच्या बंदरावर देवळाच्या गावकारापासून जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यांना गोडाचा चोर समजतात, आणि सगळ्यांत पक्की समजूत खुद्द काकांची आहे.

नुसती समजूत नव्हे, त्यांनी स्वतःवर पाळत ठेवली होती. संध्याकाळची जेवणं आटोपली की हा अडुसष्ट वर्षांचा माणूस चाळण घेऊन फ्रिजसमोर उकिडवा बसायचा आणि जमिनीवर तांदळाच्या पिठाचा पातळ थर पसरायचा. थर असा एकसारखा, की भिंत रंगवणाऱ्यानं शिकून घ्यावा. सकाळी उठला की तोंडही न धुता बॅटरी घेऊन त्या पिठावर ओणवा. आपण झोपेत उठतो, फ्रिज उघडतो, कुठेतरी दडून राहिलेलं गोड गिळतो आणि शहाण्यासारखे परत येऊन पडतो, असा त्यांचा स्वतःवर संशय होता. तो पुराव्यानिशी शाबीत करायचा त्यांनी चंग बांधला होता.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते एका सकाळी सातच्या सुमाराला. माझं बाजारात औषधांचं दुकान आहे. काकांच्या उजव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट महिन्यापूर्वी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेऊन काढावं लागलं होतं. त्यांना दुकानापर्यंत चालवत नव्हतं, म्हणून त्यांच्या इन्सुलिनची पिशवी मीच घरी द्यायला गेलो होतो. काका पिठावर वाकलेले. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, जसा काही चोर अजून घरातच आहे.

"गावलो काय, काकानू?" मी हळूच विचारलं.

"मांजर गावला," काका म्हणाले. "आणि ह्या बघ, झुरळ. हयसून इला, थयसून गेला. पण मी काय गावणय नाय. हुशार आसंय मी."

मग कमरेवर हात ठेवून ते सरळ झाले आणि जखम भरत आलेला पाय त्यांनी माझ्यापुढे केला. "एक मात्र बरा झाला विनायका. आदी पाच बोटांचो पाय, म्हटल्यार कोणाचोय असात. आता चार बोटां उठली की चोर मीच. कोर्टात पण टिकतला."

ते विनोद करत नव्हते. मी मात्र हसलो. खूप हसलो. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत जे झालं, त्यापायी ते हसणं मला अजून स्वतःलाच ऐकू येतं. पण आधी काका कोण ते सांगायला हवं.

काका पस्तीस वर्षं बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होते. मिठाच्या पाण्याच्या टाकीत लोखंडी डबे सोडायचे, त्यातलं पाणी गोठलं की लाद्या बाहेर काढायच्या, आणि होड्या आल्या की त्या फोडून मासळीवर घालायला द्यायच्या, हे त्यांचं काम. लादी बाहेर आली की काका तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत आणि कान लावून ऐकत. "मदी पोकळ आसा, परत घाल," असं म्हणाले की ती लादी परत टाकीत. तांडेल लोक आपल्या होडीसाठी काकांनी वाजवलेलीच लादी मागायचे. ही टकटक पुढे त्यांच्या अंगातच मुरली. लग्नात कलिंगडाच्या सरबताच्या पिंपात हात घालून बर्फाचा खडा काढायचे, वाजवायचे, आणि वधूपित्याला बाजूला घेऊन सांगायचे, "बर्फ कच्चो आसा तुजो. कलिंगडां खंयसून घेतलंस तां इचारणय नाय."

नोकरी सुटली तरी बर्फ सुटला नाही. रोज सकाळी गोणपाटात गुंडाळून एक तुकडा घरी यायचा. त्यावर काय काय ठेवायचे याला सुमार नव्हता. बॅटरीचे सेल, तपकिरीची डबी, डिंक. एका मतदानाच्या आदल्या दिवशी रेशनकार्ड. काकींसाठी आणलेला अबोलीचा वळेसर संध्याकाळपासून बर्फावर असायचा. सकाळी तो ताजा ताजा त्यांच्या केसांत गेला की मग काकांचा चहा. गोव्यातल्या लेकीनं फ्रिज पाठवला होता, पण त्याच्याबद्दल काकांचं मत बरं नव्हतं. "करंटाचो गुलाम तो," म्हणायचे. "पाऊस पडलो की झोपता. बर्फाक कोणाचो हुकूम लागणा नाय." त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं आणि ते वाक्य दिवसातून चारदा तरी यायचं: "थंडीत ठेवलेला मरणा नाय."

अशा माणसाला साखर झाली. आधी गोळ्या झाल्या, मग त्या पुरेनात, आणि आमच्या डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन लिहून दिलं. पहिली बाटली माझ्याच दुकानातून गेली. ती कशी वापरायची, कशी ठेवायची, हेही मीच सांगितलं.

काकांनी औषधाचं व्रत केलं. सकाळी साडेसात, संध्याकाळी साडेसात. घड्याळ मागेपुढे होईल म्हणून रेडिओ लावून बसत. सुई टोचायची जागा रोज बदलायची, असं बाईंनी सांगितलं तर पोटावर निळ्या शाईनं चौकटी आखून घेतल्या. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. भात सोडला, नाचणीची भाकरी धरली. आंब्याच्या दिवसांत आंबा नुसता हुंगून शेजाऱ्याला द्यायचे. आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती साखरेची तपासणी झाली, तर आकडा होता त्यापेक्षा वर.

डॉक्टरीणबाई वाईट बाई नव्हेत, पण दिवसाला साठ रोगी बघणाऱ्या माणसाचा एक सूर लागतो. "गुणाजीराव, साखर आभाळातून पडत नाही," त्या म्हणाल्या. "कुठून तरी तोंडात जाते."

"रवळनाथाची शपथ, बाई. काही खाल्लं नाही."

"सगळे हेच म्हणतात."

डोस वाढला. पुढच्या खेपेला आकडा आणखी वर. डोस परत वाढला. असं तीन वर्षं चाललं. दरम्यान बंदरावर ही गंमत झाली. काका धक्क्यावर दिसले की कुणीतरी म्हणायचं, "काकानू, मिशेक गूळ लागलो हा, पुसा आदी." जत्रेत गुळाच्या खाजाच्या दुकानासमोरून गेले तर दुकानदार हात जोडायचा, "तुमी नको काकानू, माका पोलीस पकडतले." काका आधी शपथा घ्यायचे. मग हसण्यावारी न्यायला लागले. मग नुसतेच पुढे जायला लागले.

घरी काकींनी दुसराच उपाय केला. साखर, गूळ, काकवी, आंबापोळी, जे जे गोड ते सगळं घरातून बाहेर काढलं. "घरात चोर आसा, मगे मुद्देमाल कित्याक ठेवचो?" असं त्या मला दुकानात येऊन म्हणाल्या. आणि नवऱ्याला मोह नको म्हणून स्वतःही गोड सोडलं. काकी म्हणजे लग्नाच्या पंगतीत शिरवाळ्यांचा गोड रस तिसऱ्यांदा मागणारी बाई. त्या आता पानावर गोड वाढायला आलं की हात आडवा धरायच्या. काकांशी बोलणं त्यांनी टाकलं नाही, पण विश्वास टाकला. घरात तो कसा कळतो, हे संसार केलेल्यांना सांगायला नको. काका बाहेरून आले की त्या आधी त्यांच्या ओठांकडे बघत.

आणि मी. मीही त्यांना सोडलं नाही. काउंटरच्या या बाजूला उभं राहून दुसऱ्याला उपदेश करायला काही लागत नाही. "काकानू," मी चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालो होतो, "माणूस खोटा बोलता, रिपोट बोलणा नाय."

काकांनी औषधाची पिशवी काखेत मारली. मग म्हणाले, "रिपोट खोटो नाय. मी पण खोटो नाय. मगे मदी कोण तरी आसा."

त्या दिवसापासून पीठ सुरू झालं.

पुढे एकदा खडकावर कालवं काढताना शिंपला पायात गेला. साखरेनं पाय आधीच बधिर झालेला. त्यांना ते कळलं दोन दिवसांनी, चपलेत रक्त दिसलं तेव्हा. जखम चिघळली, काळी पडली, आणि बोट गेलं. गावानं हळहळ केली, पण त्या हळहळीतही एक शेपूट होतंच: तोंड आवरलं असतं तर पाय वाचला असता.

तर ती सकाळ. माझं हसून झालं. काकी परसात पाणी तापवत होत्या. काका म्हणाले, "बस, साडेसात होयत इले. इंजिशन घेतंय आणि मगे तुका च्या देतंय."

त्यांनी कोपऱ्यातला थर्माकोलचा खोका पुढे ओढला. मासळीचा असतो तसलाच. झाकण काढलं. आत फोडलेला बर्फ, आणि त्यात जाडं मीठ मिसळलेलं, थरावर थर, कारखान्याच्या शिस्तीनं. वाळूतून मुळ्यांचे शिंपले उकरावेत तसा त्यांनी हात घातला आणि खालून इन्सुलिनची बाटली काढली. ती उलटी केली. आतलं औषध हललं नाही. त्यांनी बाटली खिडकीच्या दगडावर हळूच वाजवली, कान लावला आणि समाधानानं माझ्याकडे बघितलं.

"बघ," म्हणाले, "मदी पोकळ नाय."

मग ती त्यांनी काखेत धरली. "धा मिंटा लागतत पाणी होवक. कोंबडेवरी उबवतंय."

मला आधी काही समजलंच नाही. डोळ्यांनी बघितलेलं डोक्यात जायला वेळ लागला. इन्सुलिन गार ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. एकदा गोठलं की ते मरतं. कधी अर्धं मरतं, कधी पुरतं. वितळल्यावर परत पांढरं पाणी दिसतं, पण त्यात जीव नसतो. हे खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि मी तर परीक्षेसाठी पाठ केलं होतं. तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ हा माणूस स्वतःला मेलेलं औषध टोचत होता, शाईनं आखलेल्या चौकटीत, रेडिओच्या वेळेवर.

"बर्फात कधीपासना ठेवतास?" मी विचारलं.

"पयल्या दिसापासना," काका म्हणाले. "तूच नाय सांगितलंस? मी इचारलंय, किती थंड. तू म्हणालंस, जेवढा थंड तेवढा बरा. फोन होतो तुज्या कानाक. निळो शर्ट होतो. मगे मी इचार केलंय, नुसतो बर्फ कमी पडतलो, मीठ घालूया. मीठ घातल्यार बर्फापेक्षा खाली जाता."

मला आठवलं. तापाची साथ होती, दुकानात ही गर्दी. खांद्यात फोन धरून मी ते बोललो होतो आणि बोलता बोलता पुढच्याची चिठ्ठी हातात घेतली होती. दुसऱ्या कुणाला मी तेच म्हणालो असतो तर त्यानं बाटली फ्रिजच्या दारात ठेवली असती आणि विसरला असता. मी ते अशा माणसाला म्हणालो होतो, जो पाण्याला दगड करण्यात पस्तीस वर्षं घालवून आला होता. आणि त्यानं माझा शब्द पाळला होता. पाळला म्हणजे किती, तर त्यात मीठ घालून.

मी मागे सरलो तो थेट पिठात. पाच बोटं स्वच्छ उठली. काकांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "असांदे. तुजो पाय मी वळाखतंय."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण माझी नजर त्यांच्या पायावर गेली, बोट नसलेल्या जागेवर, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "काकानू, कंपनीन औषद बदलल्यान. ह्या नव्या बर्फात ठेवूचा नाय. फ्रिजच्या दारात, अंडी ठेवतत थय ठेवा."

"बर्फ नको?" काकांनी काखेतली बाटली काढली आणि मी आणलेल्या पिशवीकडे दयेनं बघितलं. "मगे कसला औषद ता. नाजूक दिसता."

"नाजूकच आसा. आणि आज काय टोचून घेव नका. मी बाईंका इचारून येतंय."

"तू म्हणतस तर," ते म्हणाले. एकाही प्रश्नाशिवाय. परत.

बाईंकडे जाणं भागच होतं. मेलेल्या औषधाचा डोस चढवत चढवत जिथे नेऊन ठेवला होता, तेवढंच जिवंत औषध अंगात गेलं असतं तर साखर एकदम कोसळून काका बेशुद्ध पडले असते, कदाचित उठलेच नसते. डोस आधी खाली आणायला हवा होता. दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर मी ठरवलं की सगळं खरं सांगायचं. पायऱ्या चढताना वाटलं, निदान अर्धं सांगू. खुर्चीवर बसल्यावर मला वडिलांच्या नावाची दुकानावरची पाटी दिसायला लागली, परवाना दिसायला लागला, आणि गावात लोक माझ्याकडे बोट दाखवून काय म्हणतील ते ऐकू यायला लागलं.

मी म्हणालो, "बाई, गुणाजीकाका इंजेक्शनं नियमित घेत नव्हते. आज कळलं. आता घेणार म्हणतात. तर डोस पहिल्यापासून सुरू करावा का?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "तरीच," म्हणाल्या. आणि माझ्यासमोर केसपेपरवर लिहिलं, की रोगी औषध चुकवतो. डोस एकदम खाली आणला, रोज साखर बघायला सांगितलं. मी औषधवाला म्हणून अगदी बरोबर काम केलं होतं. काकांचा जीव वाचावा असं काम. आणि ते करताना चोरीच्या जोडीला त्यांच्यावर आणखी एक आळ चढवला होता.

पुढच्या आठवड्यात काका काठी टेकत दुकानात आले. चेहरा उतरलेला. बाईंनी त्यांना झाडलं होतं.

"विनायका, मी इंजिशनां पण चुकवतंय म्हणतत. कागदावर लिवलेला आसा." मग आवाज खाली आणून, "माका तर रोज घेतलेला आठवता. रेडिओ आठवता. सुई टोचल्याली आठवता. म्हणजे ता पण सपानच असतला."

मी औषधांच्या खोक्यांवरची धूळ पुसत होतो. पुसतच राहिलो.

"चोर तर होतंयच," ते म्हणाले. "आता डोक्यातसून पण गेलंय. आता देवाक सांगूक व्हया."

आमच्याकडे माणसाच्या हातात काही उरलं नाही की देवाला गाऱ्हाणं घालतात. देवळात गावकार उभा राहतो, माणसाच्या वतीनं देवापुढे त्याची अडचण मोठ्यानं सांगतो, आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साक्ष देतात. सोमवारी सकाळी गाऱ्हाणं ठरलं. वीसेक माणसं होती. काही श्रद्धेनं आलेली, काही मजा बघायला. साखरेचं गाऱ्हाणं त्या देवळात पूर्वी कुणी घातलं नव्हतं. काकी बायकांत उभ्या होत्या. मला काकांनी हाताला धरून पुढे उभं केलं, घरातल्या माणसासारखं.

गावकारानं नारळ ठेवला, उपरणं सारखं केलं.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्यो तुजो लेकरू गुणाजी आज तुज्या पायाकडे इलो हा. हेच्या हातान जाणता अजाणता, जागेपणी नायतर झोपेत, काय गोडधोड खाल्ला गेला आसात, औषद चुकला आसात..."

मागे कुणीतरी खुसखुसलं.

"...तर ता तू पदरात घे, आणि हेची वाईट सवय आजपासना तोड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

त्या आवाजांत माझा आवाज होता. मोठा नव्हता, पण होता. ओठ नुसते हलवून भागलं असतं, तेही मी केलं नाही. काका शेजारी उभे होते, त्यांना ऐकू जावं म्हणून म्हणालो.

गावकार नारळ उचलणार तोच काकांनी त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. गावकार थांबला. काकांकडे बघितलं. त्यानं घसा साफ केला तेव्हा खुसखुस बंद झाली.

"आणि म्हाराजा, हेच्या पायी हेच्या अस्तुरीन तीन वर्सां गोडाक हात लावलो नाय. हेका बरो कर नायतर करू नको, ती तुजी मर्जी. पण तिका एकदा पोटभर गोड खाऊक दी रे म्हाराजा."

मग बायकांच्या बाजूनं आधी आवाज आला, आणि मागून आमचा.

महिन्या दीड महिन्यात साखर उतरली. उतरणारच होती. पुढची तपासणी झाली, बाईंनी कागद दोनदा बघितला आणि काकांचं अभिनंदन केलं: "बघा, मनावर घेतलंत की जमतं." गाव म्हणालं, देव पावला. गुणाजीचं तोंड देवानं बांधलं. ही कीर्ती इतकी पसरली की एके दिवशी थेट वैभववाडीहून एक बाई आपल्या नवऱ्याला गाडीत घालून घेऊन आली. देवळात गाऱ्हाणं घातलं आणि जाताना माझ्या दुकानात थांबून विचारलं, की आता याच्या गोळ्या बंद केल्या तर चालतील ना. मी तिला खाली बसवलं आणि अर्धा तास समजावलं. तिला ते पटलं की नाही कोण जाणे. ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढून आत बसलो. माझं गप्प राहणं आता काकांच्या घराबाहेर जाऊन दुसऱ्यांच्या पोटात शिरायला लागलं होतं.

त्याच संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत मी काकांकडे गेलो. सांगायचंच म्हणून गेलो. ओटीवर पोचलो तर नारळाच्या रसाचा आणि गुळाचा वास. काकींनी खापरोळ्या केल्या होत्या. काका भाकरीचा तुकडा मोडत पाटावर बसले होते आणि समोर काकी रसात बुडवलेली खापरोळी खात होत्या. काका स्वतःच्या ताटाकडे बघतच नव्हते.

"कशी झालीहा?" त्यांनी विचारलं.

"गूळ कमी पडलो."

"मगे घाल आणखी."

"होय तर. आणि तुमी परत चोरतलास." पण काकी हसत होत्या. मला म्हणाल्या, "ये रे विनायका. चोर सुधारलो आमचो, म्हणान केलंय. बस, खा."

मी बसलो. खाल्ली. काकींच्या समोर तोंड उघडायचं होतं ते खापरोळीसाठी उघडलं.

निघालो तेव्हा काका काठी घेऊन बेड्यापर्यंत, कुंपणाच्या फाटकापर्यंत, सोडायला आले. पायाला लागलेली माती त्यांनी गवतावर पुसली.

"तिका वाटता मी तीन वर्सां खोटो बोललंय," ते म्हणाले. "वाटांदे. जेवली मा ती." मग माझ्याकडे न बघता, अगदी सहज विचारल्यासारखं, "विनायका, तुका काय वाटता? तू औषदातलो माणूस. खाल्लंय आसान मी?"

एका शब्दाचं उत्तर होतं. मी म्हणालो, "आता कित्याक ता, काकानू. साखर उतरली मा."

"ता खरा," ते म्हणाले, आणि बेडं लावून घेतलं.

काकांनी गोड खाल्लं नाही, एकही इंजेक्शन चुकवलं नाही, त्यांचं औषध माझ्या सांगण्यामुळे मेलं आणि त्यांचं बोट माझ्यामुळे गेलं: हे मला काकांना तोंडावर सांगायचं आहे, आणि मग देवळात, गावकारापुढे, त्याच वीस माणसांदेखत, काकींच्या कानांवर पडेल असं मोठ्यानं सांगायचं आहे. इथे लिहिलं म्हणून ते फिटत नाही, आणि काका वाचत नाहीत. तेवढं त्यांचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.